अकरा सत्तेचाळीस

सैनशांदच्या शाळेत
दुलामसुरेनबाई जुनी लिपी शिकवतात,
उभी, वरून खाली उतरणारी.
अक्षराला मुकुट असतो, दात असतात, पोट असतं,
आणि शेवटी वाऱ्यावर सोडलेली शेपटी.
"आधी कणा," त्या म्हणतात, "मग बाकीचं जनावर."

टॅबला हे पटत नाही.
तो सगळ्या ओळी आडव्या पाडतो.
टॅब फिरवला की अक्षरंही फिरतात, पुन्हा आडवी.
मुलं माना कलत्या करून वाचतात.

विषय दिला होता : गेला हिवाळा.
तेमुगेचा निबंध वेळेत आला. एकही चूक नाही.
'नैसर्गिक आपत्तीमुळे पशुधनाची मोठी हानी झाली.
भविष्यात योग्य नियोजन आवश्यक आहे.'
चौदा वर्षांचा पोरगा,
आणि नियोजन.

बाई रागावल्या नाहीत.
चहात मीठ टाकलं
आणि फाइलचा इतिहास उघडला.
ही सोय त्यांना आवडते :
वहीत खोडलेलं नुसतं काळं होतं,
इथे ते वेळेसकट जपून ठेवलेलं.

११:३१ बेचाळीस.
खोडलं.
११:३६ बेचाळीस, आणि कोकरं धरली तर
खोडलं.
११:४० बाबांनी मोजणं सोडलं.
खोडलं.
११:४७ तांबडी घोडी कुंपणाच्या दाराशी आडवी होती. तिचे दात दिसत होते. तिला उभी करायला मी

बारा चौदापर्यंत काहीच नाही.
मग एका दमात
सगळं नियोजन.

यंत्राला तरी काय बोलायचं.
मध्यरात्री कुणीतरी म्हणालं, मी पुरं करू का,
मुलाने हो म्हटलं.
दुखवट्याच्या घरी चूल शेजारीच पेटवतात.

गुण दिले नाहीत.
समासात एवढंच टाइप केलं
(उभ्या लिपीचा समास कुठला, हे बाईंचंही अजून ठरायचंय) :
'अकरा सत्तेचाळीसला परत जा.
घाई नाही.'

शनिवारी रात्री फाइल उघडी दिसली.
'मी'च्या पुढे त्याचा कर्सर
लुकलुकत होता.
बाईंनी आपला हळूच दूर नेला, पार पानाच्या तळाशी,
त्याला कुणी बघतंय असं वाटू नये म्हणून.

बऱ्याच वेळाने आलं : दोर.
मग : दोर आणला.
मग पुन्हा काही नाही.

चहा केव्हाच गार झालेला.
बाईंनी मान कलती केली होती,
तशीच ठेवली.