तक्ता क्रमांक एकोणीस

आउग्सबुर्गमागून वाहणाऱ्या नदीचं नाव लेख,
आणि तिच्या काठच्या त्या खोलीत कुणालाच लिहिता येत नाही.
सहा मुली, एक लांब बाक,
तीनशे वेळा तोच एक पतंग.

तांब्याच्या पत्र्यावरून काळ्या रेषांत उतरलेला,
मिशा, पाय, पोटावरची लव, सगळं जागच्या जागी.
फक्त रंग नाही.
रंग आपोलोनियाकडे, शिंपल्यांत कालवलेला:
राखी, शेवाळी,
आणि मागल्या पंखांसाठी किरमिजी.
तोही किड्यांचाच, वाळवून कुटलेल्या, जहाजातून आलेल्या.
धाकटी साबीना कुंचला ओठांत धरून टोक काढते,
तिच्या दातांवर दिवसभर संध्याकाळ.

नमुना समोर, खिळ्याला.
हेर त्सोबेल म्हणतात, नमुन्याबाहेर जायचं नाही.
बिघडलेल्या तक्त्याचे तीन क्रॉइत्सर वजा.
मेणबत्तीसुद्धा ते बोटानं मोजून देतात.

आपोलोनियानं हा पतंग कधी पाहिलेला नाही.
तिला ठाऊक आहे ती कसर,
आईच्या लोकरी शालीतली,
चिमटीत धरली की भुकटी होणारी,
जिचं चित्र कुणी पैसे मोजून काढून घेत नाही.

सप्टेंबरातल्या एका रात्री
खिडकीबाहेरच्या वाळुंजाची साल हलली.
साल नव्हती ती.
आत आला, बाकावर बसला,
मिटलेला, राखी, चर्चला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा.
साबीनानं हळूच फुंकर मारली.
त्यानं पुढचे पंख बाजूला सारले.

किरमिजी.
आणि त्याच्याही बाहेर, काठाला, पांढरी झालर,
भांड्याच्या कडेला साय धरते, तेवढीच.

नमुन्यात ती नव्हती.

आपोलोनिया कुणाला काही बोलली नाही.
दोनशे बाराव्या प्रतीवर
शिशाच्या पांढऱ्यानं तिनं झालर काढली. एकाच.
तीन क्रॉइत्सर गेले.
कागद मात्र महाग, म्हणून हेर त्सोबेलनी तो फेकला नाही,
एका शाळामास्तराच्या स्वस्त प्रतीत
शेवटी कुठंतरी शिवून टाकला.

शिशाचं पांढरं हवेनं काळं पडतं.
आज ग्रंथालयात तो तक्ता उघडला
तर पंखाला काजळाची कड,
खाली शिसपेन्सिलीत कुणीतरी: रंगवणारीची चूक.
समासातून एक बारीक भोक
पंखाच्या अगदी काठापर्यंत येऊन थांबलेलं.
कसर. तिनंही पुढं खाल्लं नाही.

फ्राऊ हाफनर भिंग बाजूला ठेवतात.
औषधाचा एक थेंब, आणि पांढरं परत येईल.
पण मग ती चूक कोणाची, हे लिहावं लागेल,
आणि रकान्यात जागा एका ओळीची.

त्या कुंचला उचलतात.
टोक काढायला तो ओठांपर्यंत जातो,
मग आठवतं,
इथं मनाई आहे.