दोन ते आठ अंश

भोरला नर्सरीत घेतलं तेव्हा ते गुलाबी होतं.
पोऱ्याला नाव सांगता येईना.
"हायड्रा... हायड्रेंजिया काहीतरी. पाणी मागतं, ताई," म्हणाला,
आणि तेवढंच खरं निघालं.

जमिनीत नाही लावलं.
नर्सबाईनं जमिनीत काय लावायचं?
कलमाला मोहोर येईस्तोवर
आपण तिसऱ्या उपकेंद्रात.

लस आली की थर्मोकोलचे खोके उरतात.
तापल्या सळईनं तळाला चार भोकं पाडली,
आत विटांचे तुकडे, शेणखत, तिथली काळी माती,
आणि आंतरजिल्हा बदली झाली तेव्हा
खोका मांडीवर घेऊन वरंधा घाट उतरले.
कंडक्टर म्हणाला, अर्धं तिकीट फाडू का?

केळशीत हवा चिकट, खारी.
तीन वाजता पानांनी अशा माना टाकल्या
की पहिल्या दिवशी मी रडायचीच बाकी होते.
सात वाजता बघते तर ताठ.
मग ते रोजचंच झालं.
बाळंतिणी असतात काही अशा,
दुपारी "मी जगत नाही" म्हणणाऱ्या
आणि दिवेलागणीला भाकरी मागणाऱ्या.

मलेरियावाल्यांची एक मच्छरदाणी उसवून
समुद्राच्या बाजूनं बांधली.
लसीकरण संपलं की
डब्यातल्या वितळत आलेल्या बर्फाच्या पिशव्या
खोक्याला टेकवून ठेवायची.
लसीला दोन ते आठ अंश लागतात,
ह्याला किती, ते कुठल्या परिपत्रकात नाही.
सावली सरकेल तसा खोका सरकवायचा:
सकाळी न्हाणीमागे, दुपारी फणसाखाली,
रविवारी माझ्या पायाशी.

भोरची माती बसत गेली.
वर इथली तांबडी घातली मूठमूठ,
जांभ्याचा चुरा, फणसाची कुजकी पानं.
तिसऱ्या साली फूल आलं.
निळं.

माझंच काही चुकलं, असं वाटलं.
अनुसया धोपट, आमची मदतनीस,
कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"बाय, ह्येला हितली माती लागली."
लागली म्हणजे मानवली की बाधली,
ते तिनं सांगितलं नाही.
शाळेची पोरं कुंपणावरून ओरडत, निळा फ्लॉवर! निळा फ्लॉवर!
नफिसा होडेकर सातव्या महिन्यात तपासायला आली,
वजनकाट्यावर उभी राहून खिडकीबाहेर तेच बघत होती.
म्हणाली, एवढा निळा रंग आमच्या होडीला पण नाही.

मी हट्टानं शिंपल्यांचा चुना आणला.
महिन्याला चमचाभर, पाण्यातून.
पुढच्या बहराला एका बाजूचा गुच्छ
जांभळट झाला, मुका मार लागल्यासारखा,
आणि पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या.
हा फिकेपणा माझ्या ओळखीचा.
बायकांची पापणी खाली ओढून रोज बघते मी.
लोहाच्या गोळ्या गावभर वाटायच्या
आणि परसात चुना घालून
एका मुक्या जिवाचं लोह अडवायचं.
चुना बंद केला.

आता पुन्हा यादी आली आहे.
माझं नाव एकदा वाचलं, गावाचं दोनदा.
सामान काय, एक ट्रंक, एक गॅस, रक्तदाबाचं माझं स्वतःचं यंत्र.
शेवटी खोका उचलायला वाकले
तर हलेना.

गेलं वर्षभर सरकवायला वेळच झाला नव्हता.
फणसाखाली राहिला तो राहिला,
आणि त्या चार भोकांतून मुळं खाली उतरली होती
जांभ्याच्या फटीत,
मला न विचारता.

अनुसया कोयती घेऊन आली.
उकिडवी बसली, बोटांनी चाचपलं.
"बाय, खोका कापू का मूळ?"

साडेचारची एस.टी. तिठ्यावर हॉर्न देते.
आत्ता कुठे तीन वाजलेत.
पानांनी माना टाकल्यात.