सतरा थेंब

भावानं अर्जुनीहून डब्यात घालून आणले सात मासे,
बोटाएवढे, अंगावर तांबूस पट्टे.
तळ्याचं पाणी अर्धं बसमध्येच सांडलं होतं.
उपकेंद्राच्या खिडकीत काचपेटी ठेवली,
बोअरचं पाणी भरलं.

आणि मला तर ठाऊक होतं हे पाणी.
ह्यात डाळ शिजत नाही,
गुंडाला आतून पांढरी खपली धरते,
बुधवारी ओपीडीत कुणीतरी कंबर धरून येतंच:
"सिस्टर, पुन्हा खडा झाला वाटते."

बेबीताईचा प्रज्योत म्हणाला,
"लिंबू पिया ना बाप्पा, आंबट केलं का झालं."
पाच लिंबं गेली, रंग निळाच.
सहाव्याला एकदम पिवळा.
आम्ही टाळी दिली.
सकाळी पाणी पुन्हा निळं
आणि चार मासे वर, पोट आभाळाकडं.

विरघळलेला चुना आंबट गिळतो,
थोडा वेळ गप्प राहतो,
मग आपल्या जागी परत येतो.
ते आंबटानं मेले नाहीत, खारानंही नाही.
त्या जाण्यायेण्यानं मेले.

मग शोभेचे शिंपले आधी काढले.
बाटलीतलं औषध मोजून टाकलं:
सतरा थेंबांनी रंग बदलला.
सतरा. इथला खार एवढा.

आरोचा जार आणला, पंधरा रुपयांचा.
नुसता नाही वापरायचा;
त्या पाण्याला स्वतःचं मतच नसतं,
फुंकरीनं इकडचं तिकडं होतं.
दोन मग जारचं, एक बोअरचं,
बादलीत. पेटीत कधीच नाही.
ग्रामपंचायतीमागच्या बदामाची वाळकी पानं,
पाणी फिक्या चहासारखं होईस्तोवर.
मग मुदत संपलेला, न फोडलेला सलाईनचा सेट,
बादली कपाटावर,
आणि चाक फिरवत फिरवत
सेकंदाला एक थेंब.
रोज पेटीचा दहावा हिस्सा, जास्त नाही.
प्रज्योत कंटाळून क्रिकेटला गेला.

मी बसून राहिले.
मला इथं कुणी असं सोडलं नव्हतं.
शुक्रवारी ऑर्डर, सोमवारी हजर,
महिन्याभरात केसांचा काथ्या,
चहा फाटला की रडायचे, दुधाला दोष द्यायचे.
अकरा वर्षं झाली.
परवा घरी गेले तर तळ्याकाठच्या विहिरीचं पाणी
फिकं लागलं.
वहिनीला सांगितलं नाही,
दोन पेले प्यायले.

लसीकरणाच्या जुन्या वहीत मागच्या पानावर
रोजचे आकडे आहेत. थेंब आता सातावर आलेत.
तिघं मासे जगले. एक पानाखालीच राहतो,
त्याचं काय ते अजून कळलं नाही.

"पीएच किती आला?" दारातून प्रज्योत, बॅट खांद्यावर.
"साडेसात."
"अजून उतरवाचा काय?"
"नको."
"काहून?"
"कालही साडेसातच होता."