मोजणी

गेटला दोरी. मिसेस ब्रेथवेटनी ती सोडली
आणि म्हणाल्या, तो उजवा खांब पाहा, तोही वरचाच.
बाबांनी खांबावर हात ठेवला,
बिजागरीच्या भोकात बोट घालून बघितलं.
'छिन्नी चांगली चाललीय,' म्हणाले.
हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

चढण. वाळलेले नेचे, गुडघाभर, तांबूस.
बाबांच्या पायात माझ्या नवऱ्याचे गमबूट, मोज्यांचे दोन जोड.
छत्तीस वर्षं भूमिअभिलेखात काढलेला माणूस
कुणाच्याही रानात शिरताना आधी बांध शोधतो.

वर पोचलो. एवढंच?
कार्लाइलहून दीड तास गाडी हाकत आले होते मी.
काही वीतभर, काही हातभर, एक कमरेएवढा,
दोन पालथे पडलेले.
एकाला लोकर चिकटलेली,
मेंढ्यांनी अंग घासून घासून खालचा भाग गुळगुळीत.
मी मोजले दहा.
मग दहावा उठला आणि चरायला लागला.

बाबा हसले नाहीत. त्यांची पावलं सुरू झाली होती,
ती जुनी, अडीच फुटी पावलं,
भंडाऱ्याच्या कोर्टात एकदा साक्ष दिलेली.
दगडापासून दगड. ओठ हलत होते.
'इथे एक होता,' गवतातल्या खळग्याशी थांबून.
'इथे एक. आणि इथे.'
तो आजोबांनी सुरुंग लावून फोडला, मिसेस ब्रेथवेट म्हणाल्या,
नांगराचा फाळ मोडला म्हणून.
सांगताना त्या खाली गोठ्याच्या छपराकडे बघत होत्या.

'हद्द कुणाची असेल ही?'
मी विचारलं, त्यांना बरं वाटावं म्हणून.
'हद्द नाही. हद्दीचा दगड भांडण झाल्यावर बसवतात.'

मग वाऱ्याकडे पाठ करून:
'हिंगण्याच्या अंगाला एक माळ होता. अठ्ठ्याहत्तर साल.
असंच वर्तुळ, काळ्या दगडांचं, आत मुरूम.
तालुक्याहून खुणेचे दगड आलेच नव्हते,
आणि दोघे भाऊ काठ्या घेऊन उभे.
मी म्हटलं, तो घ्या.
चौघांनी लोटत नेला.
गट नंबर एकशे बारा, ईशान्य कोपरा.
असेल अजून. पक्का बसवला होता.'

मी गप्प. बाबाच म्हणाले, सांग त्यांना.
सांगितलं, गट नंबरपाशी अडखळत.
मिसेस ब्रेथवेटनी सगळं ऐकून घेतलं,
खिशातून पेपरमिंटची पुडी काढली,
एक बाबांना दिली, एक मला.

निघताना बाबा मधल्या खळग्यात जाऊन उभे राहिले,
ताठ, हात अंगाशी, झेंडीच्या बांबूसारखे.
'पलीकडून बघ. ओळीत आहे का?'
मी कमरेएवढ्या दगडाआड वाकले, एक डोळा मिटला,
हाताने खूण केली: थोडं डावीकडे.
ते पाऊलभर सरकले.
मी बराच वेळ 'बास' म्हटलं नाही.

गाडीत त्यांनी वही काढली.
खुणा मिळाल्या: नऊ. गहाळ: तीन.
पैकी एक गेटात, एक फोडली, एक अज्ञात.
लगतचे कब्जेदार: मेंढी, समक्ष हजर.
हरकत: नाही.
खाली सही.
आणि सहीच्या खाली, बारीक अक्षरात,
एकशे बारा, ईशान्य.