पान एकशे बारा

पुस्तक माझं होतं.
पहिल्या पानावर माझं नाव, बी.एस्सी. भाग एक,
आणि यवतमाळच्या रद्दीवाल्यानं
शिसपेन्सिलीनं टाकलेली किंमत, नव्वद.
एकशे बाराव्या पानापर्यंत मी गेलो होतो.
पुढे कोरं. पुढे बॅकलॉग.
मग ते पुस्तक चक्कीत गेलं,
बाबा त्याखाली उधारीच्या चिठ्ठ्या दाबून ठेवत.

उन्नतीनं ते तिथून उचललं
दहावीच्या सुट्टीत, बाबांचा डबा घेऊन आली तेव्हा.
पीठ झटकलं, उभ्याउभ्याच वाचू लागली,
शेंगदाण्याच्या पुडीचा कागद वाचावा तशी.

अकरावी तिची गावच्याच शाळेत,
जिथं गणिताच्या सरांकडे भूगोलही आहे.
त्या डहाके सरांनीच सांगितलं,
कॉलेजचा कोर्स आहे, मोबाइलवर, बारा आठवड्यांचा,
परीक्षा मात्र खरीखुरी, अमरावतीला,
वयाची अट नाही, फी हजार.
फी मी भरतो म्हणाले तर बाबा म्हणाले,
"नाही जी. चक्की काय बंद पडली हाये का?"
आई एवढंच,
"आधी अकरावी तं होऊ दे, बाई.
पायरी सोडून चढलं का पाय मुरगळते."

रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी.
तिथं उभी राहून व्हिडिओ उतरवून घ्यायची,
रात्री चक्कीच्या ओट्यावर ऐकायची
दक्षिणेकडचा कुणी प्राध्यापक, भरभर इंग्रजी,
तीनदा मागे नेऊन, एकदा पुढे.
मी आतून ऐकायचो. कळायचं ते एवढंच
की हा धडा मी सोडला होता.

"दादा, इथून पुढचं कोरं काहून ठेवलं तुवा?"
म्हटलं, "लाइट गेली होती."
"दोन वर्सं?"

एप्रिलच्या रविवारी सहाची एसटी धरली.
तिच्या अंगावर शाळेचा गणवेश,
धड इस्त्री केलेलं तेवढंच होतं.
गेटवरच्या गार्डनं तिला हातानं बाजूला केलं,
मला म्हणाला, "चला लवकर, हॉलतिकीट दाखवा."
मी तिच्याकडे बोट केलं.
त्यानं फोटो पाहिला, तिला पाहिलं
रिबिनीपासून चपलेपर्यंत,
आणि मग माझ्याकडे असं बघितलं
की मी आपोआप दोन पावलं मागं सरलो.

तीन तास कडुनिंबाखाली.
तिची पिशवी माझ्याकडे, पिशवीत पुस्तक.
काही करायला नव्हतं म्हणून उघडलं.
समास तिच्या बारीक अक्षरानं भरलेले,
एकशे तेरावर चक्कीचं चित्र:
दगड, पट्टा, मधोमध दांडा.
शेजारी लिहिलेलं,
"सगळं फिरते, पण दांड्याची दिशा नाही बदलत.
हाच आयगेन व्हेक्टर. व्हॅल्यू एक."
त्याखाली, खोडून पुन्हा लिहिलेलं,
"दादाले सांगायचं."

मी ते पान तीनदा वाचलं.
चौथ्यांदा कळलं.
लहानपणापासून मी त्या दांड्याला तेल घालत आलोय.

बाहेर आली ती भुकेनं चिडलेली.
"दोन सोडले. एक तं प्रश्नच चुकलेला होता, बाप्पा."
आलूची भाजी, पोळ्या, बसस्टँडचं गरम पाणी.
मग एकदम आठवलं तिला,
उद्या जीवशास्त्राची वही तपासणार होते.

नेरच्या अलीकडे रस्ता खोदलेला.
धावत्या गाडीत ती मुळाचा आडवा छेद काढत होती,
प्रत्येक खड्ड्याला एक पेशी बिघडायची,
"धर ना वही घट्ट," माझ्यावरच ओरडायची.
मी एका हातानं वही धरली.
मांडीवर पुस्तक होतं, उघडं.

पलीकडच्या सीटवरच्या बाईनं विचारलं,
"पेपर होता काय? कोणाचा?"
उन्नती मान वर न करता म्हणाली,
"माहा झाला. याचा व्हायचा हाये."

बाई माझ्याकडे बघत राहिली.
मुळाची बाहेरची रेघ
अजून गोल जुळत नव्हती.