इंगळो

तळाशीलला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या,
मधे वाळूच्या एवढ्याशा पट्टीवर आम्ही.
जगन्नाथ इथलाच.
डाव्या हाताला अंगठा नाही,
पाठीवर चहा सांडल्यासारखे डाग,
उंची तेराव्या वर्षी थांबली ती थांबलीच.
सुईण म्हणाली, गिराणात आईने भाजी चिरली असणार.
आईने ते सत्तावीस वर्षं मानलं.

रापणीत दोर ओढायला त्याला कोणी घेत नसे.
तो जाळी सांधायचा.
सुई उजव्या हातात, दोरा दातांत,
डाव्या चार बोटांवर एकेक आस ताणलेला,
आणि गाठ अशी की कुर्लीने तोडलं तर शेजारून तोडेल,
गाठीतून नाही.
म्हातारे तांडेलसुद्धा मुकाट त्याच्या दारात जाळं टाकून जात.

मग जिभेच्या कडेला फोड आला.
कुडाळच्या डॉक्टरने विचारलं, तंबाखू? गुटखा? मशेरी?
नाही.
लपवू नकोस.
जगन्नाथने आ केला.
दोऱ्याने पडलेली खाच सोडली तर दात खोबऱ्यासारखे.
तरी कागदावर लिहिलंच:
तंबाखू, पुढे प्रश्नचिन्ह.

बांबोळीला लोटलीकर नावाची तरुण डॉक्टर होती.
तिने आधी तोंड नाही, हात बघितला.
मग पाठ.
मग हळूच, आईवडील नात्यातले?
बाबांनी मामाची मुलगी केली होती.
पोरगी घरातच राहिली म्हणून
आजोबांनी तेव्हा बोकड कापला होता.

ती म्हणाली, प्रत्येक पेशीत दोन पदरांचा दोरा असतो,
रोज कुठेतरी गुंततो, तुटतो,
रोज कुणीतरी तो सांधतं.
याच्या अंगात तो सांधणारा नाही.
जगन्नाथ हसला. हसताना जीभ दुखली.
"आख्ख्या गावाची जाळी शिवतंय मी,
आनि माज्यातच नाय?"

म्हणून किरणं पूर्ण देता येणार नव्हती.
चांगलं होतं तेही उसवलं असतं.
आणि गाठीत काही पेशी असतात, ती म्हणाली,
थोड्याच. मूळपेशी.
बाकीची नुसती गर्दी.
औषध जाग्या पेशींना गाठतं, या निजून राहतात,
आणि सगळं शांत झालं की उठून
पुन्हा पहिल्यापासून संसार मांडतात.

आई तोवर गप्प होती.
"म्हंजे इंगळो," ती म्हणाली.
"रातीचो राखेत झाकून ठेवलेलो."
डॉक्टर गोव्याची. तिला शब्द कळला.
"हय," ती म्हणाली. "तोच."

जन्मात कधी विस्तव मागायला शेजारी गेली नाही
याचा आईला अभिमान होता.
त्या रात्री व्हरांड्यात तिने विचारलं,
माज्याकडसून गेलो?
अर्धा, मी म्हणाले. अर्धा बाबांकडून.
तिने पदराला गाठ मारली,
सोडली,
पुन्हा मारली.

माझाही रिपोर्ट आला.
एक पदर तुटका, एक शाबूत. मला काही होणार नाही म्हणे.
त्याच्या वाट्याला दोन्ही तुटके आले, एवढाच आमच्यातला फरक.
माझी मुलगी झाली तेव्हा
मी तिचा चेहरा नंतर बघितला.
आधी अंगठे.

आता जगन्नाथला जीभ दोनतृतीयांश.
र म्हणता येत नाही. रापणीला लापण म्हणतो,
पोरं हसतात, तोही हसतो.
दर सहा आठवड्यांनी बांबोळी.
लोटलीकर बॅटरी लावून तोंडाचा कोपरान् कोपरा बघते,
काही नाही, म्हणते,
आणि थोडं थांबून: आज.

परवा सुरूच्या झाडांखाली बसला होता
कुणाचं तरी फाटलेलं जाळं घेऊन.
दातांत दोरा आता धरवत नाही,
ते टोक माझी मुलगी धरते,
दोन्ही हातांनी, दोन्ही अंगठ्यांनी.
मामा, किती आस उरले?
तो मोजत नाही. जाळं पुढे ओढतो.
"दोलो ताण," म्हणतो.
ती ताणते.