हयातीचा दाखला

नोव्हेंबर. खडकी बाजारातली बँक,
पेन्शनरांची रांग, माझा नंबर सत्तेचाळीस.
चार माणसं पुढे एक वाकलेली पाठ,
उजवा खांदा जरासा उतरलेला,
आणि माझ्या पोटात काहीतरी हललं,
मैदानाच्या तारेला नाक लावून उभी असताना
हलायचं तसं.

ही पाठ मी ओळखते.
हिच्यावर सात नंबर होता, घरी शिवलेला,
सातचं शेपूट उसवून लोंबायचं.
पेरुमल. कारखान्याच्या संघाचा लेफ्ट-इन.
दुपारपर्यंत लेथवर,
चार वाजल्यापासून आमचा.

दापोडीच्या पुलावरून भावाच्या सायकलच्या दांडीवर बसून
मी यायचे. मुरमाचं मैदान,
चेंडू कुठं उसळेल ते देवालाही ठाऊक नसायचं,
पेरुमलला असायचं.
हाफटाइमला तो लिंबू चोखायचा आणि साल
नेमकी आमच्या बाजूला फेकायचा,
तिच्यावर पोरांची मारामारी व्हायची.
मी एक साल कंपासपेटीत ठेवली होती.
पार काळी पडली, आईनं चुलीत टाकली.

मागून घोडके कुजबुजले, "तोच ना?"
हमीद मिस्त्री म्हणाले, "मग काय! ती फायनल...
उलट्या काठीनं मारला होता, उलट्या!"
"उलट्या कुठला, सरळच. गोली खिळल्यासारखा उभा."
माझा भाऊ मरेपर्यंत सांगायचा,
चेंडू पॅडला घासून आत गेला,
नशीब म्हण, दुसरं काही नाही.
त्यावरून आम्ही दोन दिवाळ्या बोललो नव्हतो.

खरं सांगू का,
मी तिथं होते आणि मला काहीच दिसलं नाही.
ऐन वेळी पुढचा उंच माणूस उठला,
त्याच्या बगलेतून मला दिसले फक्त हात,
शेकडो हात वर,
आणि एक चप्पल, हवेत.

"आजोबा, अंगठा परत ठेवा."
यंत्रावर लाल दिवा.
शर्टाला पुसून ठेवला. लाल.
ओल्या फडक्यानं पुसून ठेवला. लाल.
काउंटरवरचा पोरगा वाईट नव्हता,
थकलेला होता, म्हणाला,
"ओळख पटत नाहीये."

"पटत नाही?" घोडके रांग सोडून पुढे.
"अरे, यांची?"
मग हमीद मिस्त्री, मग ओव्हाळबाई, ज्यांचा नवरा
लाइन्समन होता, मग कोण कोण.
एकाच वेळी सगळे बोलायला लागले,
लिंबाची साल, उसवलेला सात,
पावसानं थांबलेली ती मॅच,
पोराच्या बारशाला न जाता खेळलेली दुसरी.
पोरगा म्हणाला, "काका, हे सगळं
फॉर्ममध्ये कुठं भरू?"

पेरुमल अंगठ्याकडे बघत होता.
तीस वर्षं लेथचं तेल, त्याआधी काठीची मूठ,
रेघाच उरल्या नव्हत्या.
सरतेशेवटी डाव्या हाताची करंगळी चालली.
हिरवा दिवा. माणूस जिवंत आहे,
कागदावरही.

परत वळताना माझ्यापाशी थांबला.
"तुम्ही यायचा बघायला?"
"फायनलला होते."
"मग सांगा की," आवाज हळू केला त्यानं,
"तो गोल कसा झाला? हे लोक विचारतात,
मी हसून मान हलवतो.
मला खरंच आठवत नाही."

मी सांगितला.
हमीद मिस्त्रींची उलटी काठी घेतली,
घोडक्यांचा खिळलेला गोली,
चप्पल माझी स्वतःची.
पॅडचं तेवढं गाळलं.
तो लहान पोरासारखा ऐकत राहिला,
मधेच उजवा खांदा जरासा उचलला गेला.

"मग?" म्हणाला.
तेवढ्यात माझा नंबर पुकारला.